लाजेची षोडशोपचार पूजा

एका वर्षी उन्हाळाभर आमच्या देवघरात लाज बसली होती. देवांच्या शेजारी वेगळा पाट, पाटावर मूठभर तांदूळ आणि तांदळावर सुपारी. ती सुपारी म्हणजे लाज. तिला रोज हळदकुंकू, एक फूल आणि दुपारी वरणभाताचा नैवेद्य. नैवेद्य करणार कोण? मीच. जिच्यापायी माझा नवरा घरात तोंड लपवून बसला, जिच्यापायी लेकीचं लग्न अडलं, तिच्याच पानात मी रोज तूप वाढत होते. आता सांगताना हसू येतं. तेव्हा मात्र ती सुपारी अडकित्त्यात धरून कातरून टाकावीशी वाटायची.

सुरुवातीपासून सांगते, नाहीतर लोक म्हणतील, बाईचं डोकं फिरलं.

आमचे हे नाशिकचे गुरुजी. लग्न, मुंज, वास्तुशांत, सत्यनारायण, अशी सगळी शुभकार्यं करायचे. लहानपणी पाठशाळेत राहून शिकलेले आणि आवाज असा, की गंगापूर रोडच्या कुठल्याही लॉनवर शेवटच्या खुर्चीत बसून जिलबी खाणाऱ्यालाही माईकशिवाय ऐकू जावा. त्या आवाजाचा त्यांना अभिमान होता. मलाही होता, उगाच कशाला नाही म्हणू?

त्या वर्षी त्यांच्या चुलतभावाचा पाय मोडला. हे दीर गोदाघाटावर दहाव्याचे विधी करतात. लग्नं लावणारे गुरुजी सहसा दहाव्याला बसत नाहीत, दोन्हीकडची माणसं वेगळी असतात. पण भाऊ अंथरुणाला खिळलेला, घाटावर लोक खोळंबलेले, म्हणून हे म्हणाले, मी जातो. झालं. सकाळी घाटावर दहावं आणि दुपारी लॉनवर लग्न. मी तेव्हाच म्हटलं होतं, "अहो, एक दिवस घोटाळा कराल."

"उभा जन्म यात गेला माझा. मला शिकवतेस?"

बरं बाई, नाही शिकवत.

दहाव्याला काय असतं ते कुणी पाहिलं नसेल तर सांगते. भाताचा पिंड ठेवतात, सगळे मागे सरतात आणि कावळ्याची वाट बघतात. कावळा शिवला की गेलेलं माणूस सुखानं गेलं. नाही शिवला तर त्याची काहीतरी इच्छा राहिली असं धरायचं. मग एकेक नातेवाईक हात जोडून पुढे होतो आणि कबूल करतो, धाकटीचं लग्न करून देऊ, आईकडे बघू, वाटण्या नीट करू. बरेच दिवस माझ्या नवऱ्याने रोज सकाळी हेच केलं. लोकांना मागे सारायचं आणि कावळ्याला बोलवायचं.

मग ते लग्न आलं. मोठं लग्न, घरोब्यातलं, त्यामुळे मलाही बोलावणं होतं आणि मी पुढच्याच रांगेत पैठणी नेसून बसले होते. अक्षता पडल्या, होम झाला, सप्तपदीसाठी तांदळाच्या सात राशी मांडल्या. नवरानवरी उभी राहिली. भोवती ही गर्दी, कारण प्रत्येकाला मोबाइलमध्ये सप्तपदी हवी. आणि वर त्या शूटिंगवाल्यांचा ड्रोन घिरट्या घालत होता.

यांनी खाली तांदूळ पाहिले. भोवतीची माणसं पाहिली. वर काहीतरी फिरतंय तेही पाहिलं. आणि माईक तोंडाशी धरून, त्या भरदार आवाजात म्हणाले, "मागे सरा, मागे सरा सगळे. कावळा येऊ द्या."

  तेवढ्यावर थांबते तरी बरं होतं! पण यांचं लक्ष सगळं वर, ड्रोनकडे. ड्रोन काही खाली येईना. तेव्हा हे अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, "शिवत नाहीये. कुणाची काही इच्छा राहिली असेल, तर बोलून टाका."

आणि काय सांगू, नवरीचा मामा खरंच पुढे झाला. माणसाला सवय किती लागते बघा. त्याने हात जोडले, तांदळाकडे बघितलं आणि म्हणाला, "काळजी नसावी. पोरांकडे आम्ही बघू."

नवरा एक पाऊल मागे सरला. नवरी खो खो हसत सुटली. नवरीची आजी मात्र मटकन खाली बसली आणि तिला पाणी पाजावं लागलं. तेव्हा कुठे आमच्या यांना उमगलं. चेहरा असा झाला, की मी तो परत बघू शकणार नाही. सप्तपदी त्यांनी पुरी केली, पण माईक खाली ठेवून, ओठातल्या ओठात.

संध्याकाळपर्यंत त्याचा व्हिडिओ घरोघरी पोचला. देवळाली कॅम्पहून माझ्या बहिणीचा फोन, इगतपुरीहून नणंदेचा. नणंद म्हणते, "वहिनी, हे आपलेच दादा का गं?" मी म्हटलं, नाही, भाड्याने आणलेत. कुणा उपद्व्यापी माणसाने त्याला मागून काव काव जोडलं. दोन दिवसांनी हे भाजी आणायला गेले, तर मंडईत एका पोराने त्यांना बघून काव केलं. आजूबाजूचे हसले. हे रिकामी पिशवी घेऊन परत आले, ते मधल्या खोलीत जाऊन बसले, आणि बसलेच.

पुढे कामं घेणं बंद, घाट बंद, बाहेर जाणं बंद. फोन वाजला की मी उचलायचा आणि सांगायचं, तब्येत बरी नाही. घरच्या देवांची पूजासुद्धा मुक्याने. ज्याच्या आवाजाने आमच्या गल्लीला सकाळ झालेली कळायची, तो माणूस पाणी हवं असलं तरी पेला उचलून दाखवायचा. मला आधी राग आला, मग भीती वाटायला लागली. नणंदेने फोनवर ग्रहांची शांत करायला सांगितलं. हे पुटपुटले, "शांत करायला गुरुजी लागतील. कुठल्या तोंडाने बोलवू?"

आणि घरचं झालं थोडं, त्यात वैशाखात लेकीचं लग्न ठरलेलं! मुलगा पिंपळगाव बसवंतचा, घरची द्राक्षबाग, स्वतः नाशिकला नोकरीला. दोघांनी आपलं आपण जमवलं होतं आणि दोन्ही घरांनी फार खळखळ न करता हो म्हटलं होतं. सगळं सुरळीत चाललेलं. एक दिवस हे मधल्या खोलीतूनच म्हणाले, "मी मांडवात येणार नाही. कन्यादान तिचा काका करेल."

मी काही बोलायच्या आत लेक म्हणाली, "बाबा मांडवात नसतील तर मीही नसेन. लग्न पुढे ढकला."

"किती पुढे?" मी विचारलं.

"बाबा येतील तेव्हापर्यंत."

बाप तशी लेक. दोघांनी एकदा नाही म्हटलं की ब्रह्मदेव आला तरी हो म्हणणार नाहीत. आणि मधे मी, लॉनवाल्याला आणि व्याह्यांना काय सांगायचं ते घोकत बसलेली. मला लेकीचं लग्न व्हायला हवं होतं आणि त्यात तिचा बाप हवा होता. एवढंच मागणं होतं माझं, आणि तेवढंच होत नव्हतं.

मग लेकीनेच ती बाई शोधून काढली. कॉलेज रोडला पहिल्या मजल्यावर बसणारी, मनाच्या दुखण्यांवर बोलून उपचार करणारी. खाली जिम. आपण वर डोळे मिटून शांत बसायचं आणि खालून धाड धाड वजनं आपटल्याचा आवाज. ती बाई आमच्या लेकीच्याच वयाची, पायात पांढरे बूट. हे लेकीच्या शब्दाखातर आले, पण अटीवर, की मी शेजारी बसेन आणि जे काय सांगायचं ते मीच सांगेन. मी सगळं सांगितलं. कावळ्याशी आले तेव्हा तिने ओठ गच्च दाबून धरले. मला कळलं. तुला हसायचंय तर हस बाई, आम्ही काही पहिले नाही.

तिने हसू गिळलं आणि म्हणाली, "काका, ही लाज आपण घालवायची नाही. तिला जागा द्यायची."

"घालवायची नाही?" मीच उसळले. "मग आम्ही आलो कशाला?"

"काकू, घालवायला गेलं की ती जास्त घट्ट बसते. एवढे महिने काका तिच्यापासून लपतायत, ती कमी झाली का?"

नव्हती झाली. ते मला मान्य करावं लागलं. पण पटलं नाही.

पहिल्यांदा तिने यांना डोळे मिटायला सांगितलं. समोर वाहती नदी आहे असं समजा, म्हणाली. मनात जो विचार येईल तो एका पानावर ठेवा आणि पान वाहत जाताना फक्त बघा. हे बराच वेळ डोळे मिटून बसले. मग म्हणाले, "जात नाही."

"काय जात नाही, काका?"

"पान. आमच्या गोदावरीत पान सोडलं की ते पाणवेलीत अडकतं. काढायला मशीन आणावं लागतं."

तीही गोदेकाठचीच निघाली. तिने नदीचा नाद सोडला.

पुढच्या वेळी तिने दुसरा उपाय काढला. जे शब्द टोचतात ते मोठ्याने, पुन्हा पुन्हा, भराभर म्हणत राहायचे. म्हणता म्हणता त्यांतला अर्थ गळून जातो आणि नुसता आवाज उरतो. घरी रोज करा, म्हणाली. यांना म्हणायला काहीतरी मिळालं, म्हणून मी खूश. पण आमच्या यांची घडण पाठशाळेतली. तिथं मंत्र उलटसुलट गुंफून म्हणायला शिकवतात, पुढचा शब्द मागे, मागचा पुढे. का? तर एक अक्षरही कधी विसरू नये म्हणून. सकाळी स्वयंपाकघरात मी कणीक मळतेय आणि मधल्या खोलीतून, कित्येक दिवसांनी, तो आवाज आला, स्वरासकट:

"कावळा येऊ, येऊ कावळा, कावळा येऊ द्या, द्या येऊ कावळा, कावळा येऊ द्या!"

परातीतली कणीक तशीच टाकून मी दाराशी गेले. हे मांडी घालून, हात गुडघ्यावर, मान स्वराबरोबर वरखाली. आता अर्थ गळतो कशाला? उलट जन्मात विसरणार नाहीत असं पाठ झालं. मलाही झालं. भांडी घासताना माझ्याच तोंडी यायला लागलं, मेलं. त्या बाईला सांगितलं, तेव्हा मात्र ती हसली. पोट धरून हसली, आणि तिच्यामागून मी. हे आमच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मागे सरा पण त्यात घालता येईल." त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, माणूस आत कुठेतरी आहे अजून.

तिसऱ्या का चौथ्या वेळी ती म्हणाली, "लाज म्हणजे घरी आलेली पाहुणी समजा. न बोलावता आलेली, नावडती. पण आली आहे. तिला या म्हणा, बसायला द्या. बसू दे तिला. तुम्ही तुमचं काम करा."

हे एवढं मात्र यांना एकदम कळलं. चेहऱ्यावर तेज आलं. घरी येऊन त्यांनी हातपाय धुतले, सोवळं नेसले आणि मला म्हणाले, "एक पाट दे. तांदूळ आणि सुपारी दे."

आमच्या पूजेत जी देवता हजर नसेल तिच्या जागी सुपारी ठेवतात. गणपती नाही, ठेवा सुपारी. नवग्रह नाहीत, ठेवा नऊ सुपाऱ्या. तशी यांनी लाज ठेवली. आणि आलेल्या पाहुण्याचं स्वागत म्हणजे काय, तर आमच्याकडे त्याचे सोळा उपचार ठरलेले आहेत. आवाहन, आसन, पाय धुवायला पाणी, आंघोळ, वस्त्र, गंध, फूल, धूप, दीप, सगळं. लज्जायै नमः, आसनार्थे अक्षतान् समर्पयामि. मी चौकटीत उभी राहून बघतेय. लाजेला दुधाची आंघोळ घातली. लाजेला कापसाचं वस्त्र वाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "नैवेद्य?"

"मी? हिला? मी नैवेद्य करू?"

"पाहुणी आहे ती."

"पाहुणी तुमची. मी नाही बोलावलं."

पण ते मोठ्याने बोलत होते हो! एवढ्या दिवसांनी घरात तो आवाज घुमत होता. त्या आवाजासाठी मी भुतालासुद्धा पुरणपोळी केली असती. केला वरणभात, वाढलं तूप.

असं रोज सुरू झालं. घरात वेगळा पाट म्हटल्यावर लपतं थोडंच? शेजारच्या काकू कढीलिंबाला आल्या, त्यांनी पाहिलं. "कुठली देवी गं?" मी काय सांगणार, यांची लाज आहे म्हणून? म्हटलं, यांच्याकडची आहे, फार कडक आहे. काकूंनी लगेच कुंकू वाहिलं, कान धरले आणि मनात काहीतरी पुटपुटल्या. पंधरवड्याने पेढे घेऊन हजर! मुलाची बदली परत नाशिकला झाली होती. "पावली गं बाई देवी! मी नवस बोलले होते." आणि यांच्या समोरच नारळ फोडला.

हे अस्वस्थ झाले. देवधर्मात खोटं त्यांना खपत नाही. इतके महिने त्या बाईखेरीज बाहेरच्या माणसाशी न बोललेला हा गृहस्थ उठला आणि हात जोडून म्हणाला, "वहिनी, ही देवी नव्हे. ही माझी लाज आहे. त्या व्हिडिओची."

काकूंनी सुपारीकडे बघितलं. यांच्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "आधी सांगायचं ना! नारळ फोडला मी." आणि अर्धा नारळ उचलून, तरातरा निघून गेल्या. पेढे मात्र ठेवून गेल्या. मी तोंडाला पदर लावून आत पळाले. हे तिथेच उभे होते, कान लाल झालेले. पण मधल्या खोलीत गेले नाहीत. पाटासमोर बसले आणि एक पेढा लाजेपुढे ठेवला.

इकडे वैशाख जवळ आला. एक दिवस कॉलेज रोडला जाताना यांनी पंचांग बरोबर घेतलं. त्या बाईपुढे उघडून म्हणाले, "आवाहन झालं, पूजा यथासांग चालू आहे. आता विसर्जन कधी करायचं ते सांगा. माझ्या मते पौर्णिमा चांगली."

"विसर्जन नाही, काका."

"म्हणजे?"

"ती जावी म्हणून तुम्ही पूजा करताय. पाहुण्याला वाढताना सारखं घड्याळाकडे बघितलं, तर त्यालाही कळतं."

"अहो, पण विसर्जन नाही ती पूजा कसली? जिला बोलावलं तिला निरोप द्यावाच लागतो. असं शास्त्र आहे." आवाज चढला होता. खाली जिममध्ये कुणीतरी वजन आपटलं. "मग काय, जन्मभर हिला घेऊन फिरू? मुलीच्या मांडवातही हिला घेऊन बसू?"

"हो," ती म्हणाली.

यांनी पंचांग मिटलं. आणि मग जे बोलले ते मला त्यांनी इतक्या महिन्यांत सांगितलं नव्हतं.

"लोक हसले त्याचं मला काही नाही. पण त्या मुलीच्या सप्तपदीत मी मरण आणून बसवलं. म्हातारी खाली बसली ती माझ्यामुळे. बाई, माझ्या तोंडाचा मला भरवसा राहिला नाही. माझ्या लेकीचा हात हातात असताना हेच निघालं तर? माईकवर, सगळ्यांसमोर? तिला जन्मभर पुरेल ते."

मला वाटत होतं, हे मंडईतल्या पोराला भिऊन घरात बसलेत! माझा जीव तुटला. मी हात पुढे केला, पण धरायचा कसा ते कळेना. त्यांच्या हातात पंचांग होतं.

ती बाई म्हणाली, "निघेलही, काका. निघणार नाही असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण मुलीचा हात तुमच्या हातात असणं, हे तुम्हाला किती हवंय?"

हे उपरण्याने डोळे पुसत बसले. घरी येताना रिक्षात, गंगापूर नाक्याशी म्हणाले, "लॉनवाल्याला फोन कर. मी बसतो." मी तिथल्या तिथे फोन लावला, न जाणो मन बदललं तर!

लग्नाच्या दिवशी हे पहाटेपासून चुळबुळत होते. सोवळं नेसताना निऱ्या जमेनात. एकदा म्हणाले, पोटात कळ येतेय. एकदा म्हणाले, काकाला तयार राहायला सांग. मी म्हटलं, "पोटात कळ येऊ दे. उठा." ओळखीचे दुसरे गुरुजी लग्न लावायला आले होते. त्यांनी मंगलाष्टकं म्हटली, अक्षता पडल्या, टाळ्या झाल्या.

आता एरवी कसं असतं? अक्षता पडल्या की लोक जे जेवणाकडे धावतात ते धावतात. कन्यादानाला घरची चार माणसं उरली तर नशीब. त्या दिवशी कुणी हललं नाही. पिंपळगावची मंडळी खुर्च्या उचलून पुढे आली. आमच्याकडचे उभे राहिले. कावळेवाले गुरुजी स्वतः बसलेत, काहीतरी बोलतील, या आशेने सगळ्यांनी मोबाइल वर धरले. मेले, माणसं आहेत का कोण! मला वाटलं उठावं आणि एकेकाच्या हातातला मोबाइल काढून घ्यावा. पण माझ्या हातात पाण्याची झारी होती. कन्यादानात बाप मंत्र म्हणतो आणि आई पाण्याची धार धरते. माझा हात अडकलेला.

लेकीचा हात यांच्या हातात. तिच्या हातावर जावयाचा हात. शूटिंगवाल्याने, न सांगता, माईक यांच्या तोंडापुढे आणून धरला. गुरुजी म्हणाले, "म्हणा." हे गप्प. गुरुजींनी मंत्राचा पहिला शब्द सांगितला. हे गप्प. कपाळावर घामाचे थेंब, ओठ हलतायत आणि आवाज नाही. लेक त्यांच्याकडे बघतेय. मी मनात देवाला म्हणतेय, कावळा सोडून काहीही येऊ दे रे, काहीही.

आणि माईकमधून, साऱ्या लॉनवर, स्वच्छ ऐकू आलं, "मला फार लाज वाटतेय. जरा थांबा."

कुणी हसलं नाही. हसावं का रडावं कळेना कुणाला. मागच्या रांगेत जावयाचे आजोबा बसले होते, कानाने कमी ऐकणारे. ते शेजारच्याला ओरडून म्हणाले, "काय म्हंत्यात?"

"लाज वाटती म्हंत्यात!"

"मग वाटू द्या की!" आजोबा तिथूनच गरजले. "वाटली म्हणून काय झालं? म्हणा पुढं. जेवणं थांबलीत, लय भूक लागली!"

आता मात्र अख्खं लॉन हसलं. जावई हसला, गुरुजी हसले, लेक रडत रडत हसली. हे हसले नाहीत. मी अगदी जवळून बघत होते. कान लाल, मान खाली. पण लेकीचा हात त्यांनी सोडला नाही. त्यांनी माईक स्वतःच्या हाताने बाजूला सारला, आणि आवाज लावला.

गुरुजींना सांगावं लागलं नाही. गोत्र, पणजोबा, आजोबा, सगळे उच्चार जागच्या जागी. ज्या आवाजाला मी लग्न होऊन घरात आल्यापासून ओळखते, तोच आवाज, मधेच कापणारा. मी धार धरली होती. लेकीच्या नावापाशी आले आणि थांबले. मला वाटलं, गेलं सगळं. ते माझ्याकडे वळून, कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाले, "अगं, ती अजून गेली नाही. इथंच आहे."

"बसू दे तिला," मी म्हटलं. "तुम्ही नाव घ्या पोरीचं."

त्यांनी नाव घेतलं.